नळाचे पाणी मागे फिरते तेव्हा



वार्षिक अहवालात प्रशासनाने जमाखर्च, खाटांची संख्या आणि नव्या यंत्रसामग्रीची यादी यांपलीकडे काही लिहिण्याचा प्रघात नाही. यंदा तो मोडून पाण्याच्या नळाविषयी लिहीत आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. डॉक्टर नाही, अभियंताही नाही. तथापि गेल्या जून महिन्यात आपल्या रुग्णालयात जे घडले त्याची जबाबदारी प्रशासनाची, म्हणजेच माझी होती. ते का घडले हे समजून घेण्यासाठी पुढील काही महिने मी जे वाचले, विचारले आणि मिस्त्रींच्या मागे फिरून पाहिले, ते आपणांसमोर ठेवणे मला आवश्यक वाटते.

पावसाळ्यापूर्वी गच्चीवरील टाकी धुण्याचा आपला शिरस्ता आहे. त्या दिवशी सकाळी टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह बंद करून काम सुरू झाले. अकराच्या सुमारास प्रसूती कक्षातील एक आजी स्टीलचा तांब्या घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. आदल्या रात्री त्यांची सून आपल्याकडे बाळंत झाली होती. मावची आणि मराठी यांच्या मिश्रणात त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या नळाला दूध येतं का?" तांब्यातले पाणी पांढुरके होते आणि त्याला फिनेलचा वास येत होता.

माझा पहिला संशय बाहेरून येणाऱ्या पाण्यावर गेला. मी तातडीने फोन केला आणि जरा चढ्या आवाजात बोललो, हे येथे कबूल करतो. पाणी सोडणारा कर्मचारी अर्ध्या तासात ओटी चाचणीची बाटली घेऊन आला. त्याने आपल्या आवारात शिरणाऱ्या जोडणीवरचे पाणी घेऊन त्यात थेंब टाकले. पाणी पिवळे झाले. क्लोरीन पुरेसे होते, वास नव्हता, गढूळपणा नव्हता. दोष आपल्याच भिंतींच्या आत होता.

मिस्त्रींना तो सापडायला फार वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावरील सफाईच्या खोलीत तोटीला रबरी नळी लावलेली होती आणि तिचे दुसरे टोक फिनेल कालवलेल्या मोठ्या बादलीत बुडालेले होते. तोटी उघडीच होती, कारण टाकी बंद असल्याने पाणी येत नव्हते आणि मावशी ते येण्याची वाट पाहून दुसऱ्या कामाला गेल्या होत्या. त्याच वेळी तळमजल्यावर आजींनी नळ उघडला. उभ्या नळात साठलेले पाणी खाली वाहू लागले. वरून त्याची जागा घ्यायला टाकीतले पाणी नव्हते, व्हॉल्व्ह बंद असल्याने हवाही नव्हती. ती जागा बादलीतल्या फिनेलच्या पाण्याने घेतली.

वासामुळे ते पाणी कोणी प्यायले नाही. परंतु फिनेलला वास असतो आणि ते पाण्यात दुधासारखे फुटते, म्हणून ते कळले. त्या बादलीत अतिसाराच्या रुग्णाची खाट पुसलेले पाणी असते तर तांब्यातले पाणी नितळच दिसले असते. आजी आम्हांला काही बोलल्या नाहीत. मात्र सुनेला घरी नेईपर्यंतचे तिन्ही दिवस त्या पिण्याचे पाणी बाहेरच्या हातपंपावरून आणत राहिल्या. घरी बाळंत होण्याची रीत सोडून ज्या कुटुंबाने पहिल्यांदाच रुग्णालयाचा रस्ता धरला, त्या कुटुंबाने आपल्या नळावरचा विश्वास असा शांतपणे काढून घेतला.

या प्रकाराला पाण्याचा उलटा प्रवाह म्हणतात. त्यात गूढ काही नाही. पिंपातले डिझेल काढताना नळीचे एक टोक पिंपात बुडवून दुसरे तोंडाने ओढतात. एकदा धार लागली की डिझेल नळीतून आधी वर चढते आणि मग खाली वाहत राहते. आपल्या भागातील प्रत्येक शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. सफाईच्या खोलीतील नळीने तेच केले. ओढणारे तोंड तेवढे तळमजल्यावरच्या नळाचे होते. आपल्याभोवतीची हवा सुमारे 10 मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकते, इतका तिचा दाब असतो. नळातला दाब त्याहून कमी झाला की हवा उघड्या भांड्यातले पाणी नळात ढकलते. पाण्याला पुढची दिशा आणि मागची दिशा अशी काही कळत नाही. जिकडे दाब कमी, तिकडे ते जाते.

उलटा प्रवाह दोन कारणांनी होतो. एक वर सांगितलेली ओढ. दुसरे कारण म्हणजे पलीकडचा दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा वाढणे: बॉयलर, पंप, बंद टाकी किंवा ऑटोक्लेव्ह यांना पिण्याच्या पाण्याची नळी थेट जोडलेली असेल, तर त्यांतील द्रव जोराने मागे लोटला जातो.

या दुसऱ्या प्रकाराचे एक उदाहरण वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. सप्टेंबर 1982 मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या एका वैद्यकीय केंद्रात वातानुकूलन यंत्रणेच्या बंद टाकीत पाणी गोठू नये म्हणून इथिलीन ग्लायकॉल नावाचे रसायन मिसळलेले होते. टाकीत कमी पडेल ते पाणी पिण्याच्या नळातून हाताने उघडायच्या व्हॉल्व्हमधून येई. व्हॉल्व्ह थोडासा उघडा राहिला. टाकीतला आणि नळातला दाब सारखा होईपर्यंत पाणी आत गेले आणि थांबले. नंतर इमारतीत कोणीतरी नळ सोडला असावा किंवा शौचालयात पाणी ओतले असावे. नळातला दाब उतरला आणि टाकीतले रसायन पाण्याच्या वाहिनीत आले. तीच वाहिनी डायलिसिसच्या यंत्रांना जात होती. सहा रुग्णांपैकी दोघे दगावले. निष्काळजी म्हणावा असा कोणीही तेथे दिसत नाही. केवळ एक जोडणी होती, जी नसावयास हवी होती.

डायलिसिसचा उल्लेख मी मुद्दाम करीत आहे. निरोगी माणूस दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो आणि तेही त्याच्या आतड्यांतून गाळून रक्तात जाते. डायलिसिसच्या यंत्रात मिनिटाला सुमारे 500 मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे चार तासांच्या एका बैठकीत सुमारे 120 लिटर, आणि रुग्णाचे रक्त व तो द्रव यांच्यात फक्त एक पातळ पडदा असतो. आपल्या परिसरातील मूत्रपिंडाच्या रुग्णांना या उपचारासाठी दूरच्या शहरात जावे लागते, म्हणून असा विभाग येथे सुरू करावा असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

इमारतीत जे घडते तेच शहराच्या नळयोजनेत मोठ्या प्रमाणावर घडते. 1933 साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले असताना दोन हॉटेलांच्या जुन्या नळव्यवस्थेत सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. अमिबाजन्य आमांशाचे सुमारे 1,400 रुग्ण झाले आणि 98 जण मरण पावले. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडत गेल्याने मूळ शोधण्यास विलंब झाला. पाश्चात्त्य देशांतील नळजोडणीचे नियम कडक होण्यास अशाच घटना कारणीभूत झाल्या.

आपल्याकडील अडचण निराळी आणि अधिक व्यापक आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य गावांत व शहरांत पाणी ठरावीक वेळीच येते. पाणी असताना नळ भरलेला, दाबाखाली असतो. गळतीच्या फटीतून पाणी बाहेर जाते, आत काही येत नाही. पाणी बंद झाले की तोच नळ रिकामा होतो आणि शेजारच्या गटारातला ओलावा त्याच फटीतून आत झिरपतो. भर म्हणून आपण घरोघरी नळाला थेट टिल्लू पंप लावतो. पाणी येताच शंभर घरांचे पंप एकदम सुरू झाले म्हणजे नळातला दाब शून्याच्याही खाली जातो आणि गळतीच्या जागेतून घाण अक्षरशः ओढली जाते. उन्हाळ्यात नगरपालिका टिल्लू पंप जप्त करतात, ते केवळ शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी पळवले जाते म्हणून, असा माझाही समज होता. ते निम्मेच कारण आहे.

सीमेपलीकडील हुबळी-धारवाड शहरात काही प्रभागांना चोवीस तास पाणी मिळू लागले आणि उरलेल्या शहरात काही दिवसांआड मिळत राहिले, तेव्हा संशोधकांना तुलनेची उत्तम संधी मिळाली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात चोवीस तास पुरवठ्याच्या नळांवरील 100 नमुन्यांत मलजन्य जंतू आढळलेला नमुना सरासरी एकही भरला नाही. खंडित पुरवठ्याच्या नळांवर तो आकडा जवळपास 32 होता. शहर एकच होते. पाण्याचा दाब टिकतो की नाही, एवढाच मोठा फरक. महाराष्ट्रात कराडजवळच्या मलकापूरसारख्या लहान गावानेही चोवीस तास पुरवठा करून दाखवला आहे, तेव्हा ही मोठ्या महानगरांचीच मिरास आहे असे नाही.

आता कोणी म्हणेल, क्लोरीन आहेच की. जूनपर्यंत मीही तसेच म्हणत होतो. नोव्हेंबर 1955 मध्ये दिल्लीजवळ यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी उलट वाहून वझिराबाद येथील पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत आले. जलशुद्धीकरण केंद्रातील कर्मचाऱ्यांनी क्लोरीनची मात्रा वाढवली. त्यामुळे विषमज्वर वाढला नाही. परंतु त्यानंतर डिसेंबर-जानेवारीत शहरात कावीळ उसळली. रुग्णांची संख्या सुमारे 29,300 असल्याचा अंदाज त्या वेळी करण्यात आला. जिवाणू मेले होते, विषाणू उरले होते. त्या साथीतील रुग्णांचे जपून ठेवलेले रक्तद्रव पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह पुढे तपासले आणि ही कावीळ ए किंवा बी प्रकारची नाही, असे 1980 मध्ये जाहीर केले. आज आपण तिला हिपॅटायटिस ई म्हणतो. ही कावीळ इतरांना बहुधा आपोआप बरी होते. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र तिने गाठलेल्या स्त्रियांपैकी पाचांत एकीपर्यंत मृत्यू होऊ शकतो. प्रसूती कक्षातल्या नळाकडे मी आता कोणत्या नजरेने पाहतो, हे यावरून लक्षात यावे.

अगदी अलीकडच्या गोष्टी आपणांस ठाऊक आहेत. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गिया बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हा तपासाचा रोख पाण्याकडेच वळला. डिसेंबर 2025 मध्ये इंदूरच्या भागीरथपुरा वस्तीत सांडपाणी पिण्याच्या नळात मिसळून अनेकांचे प्राण गेले. स्वच्छतेसाठी वारंवार पहिला क्रमांक मिळवलेले ते शहर आहे. रस्त्यावर दिसते ती स्वच्छता आणि जमिनीखालची स्वच्छता या दोन वेगळ्या खात्यांवरच्या नोंदी आहेत.

खांडबारा हे शहर नव्हे. आपल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या विहीर, झिरा आणि अलीकडे हातपंप हेच पाण्याचे मार्ग होते. त्यांचे इतर दोष असतील, परंतु हातपंपातून पाणी उलटे जाऊन शेजारच्या पाड्याला बाधत नाही. 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन अभियान जाहीर झाले आणि घरोघरी नळ, माणशी दररोज 55 लिटर पाणी हे उद्दिष्ट ठरले. नळ ही आपल्या मायभगिनींच्या डोक्यावरचा हंडा उतरवणारी गोष्ट आहे, तिचे स्वागतच आहे. पण नळाबरोबर एक नवे नाते येते: माझ्या अंगणातली तोटी आणि दहा घरांपलीकडचा पेला आता एकाच पाण्याने जोडलेले असतात.

कापूस आणि मिरचीच्या फवारणीच्या दिवसांत याचा विचार विशेष करावा. औषध कालवण्यासाठी दोनशे लिटरचा ड्रम नळाखाली ठेवतात आणि पाणी उडू नये म्हणून नळी ड्रमच्या तळापर्यंत सोडतात. तेवढ्यात वीज गेली, पाणी बंद झाले किंवा खालच्या वस्तीत कोणी नळ सोडला, तर कीटकनाशक गावाच्या नळात जाऊ शकते. विषबाधेचे रुग्ण आपल्याकडे येतात तेव्हा डॉक्टर प्रथम शेतातील हकीकत विचारतात. नळाची हकीकत विचारावी असे अद्याप कोणाच्या मनात आलेले नाही.

उपाय सांगावयाचा तर तो हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे. नळाचे तोंड आणि भांड्याचा काठ यांच्यामध्ये मोकळी हवा ठेवणे. नळाच्या व्यासाच्या दुप्पट आणि कमीत कमी एक इंच अंतर असावे, असा नळकामाचा मान्य नियम आहे. हवेची ही फट कोणतेही पाणी उलटे ओलांडू शकत नाही. तिला वीज लागत नाही, ती गंजत नाही, तिची वार्षिक देखभाल करावी लागत नाही. आम्ही मावशींना इंच सांगितले नाहीत. चार बोटे सांगितली. आज आपल्या रुग्णालयात तोटीखाली चार बोटे मोकळी नसलेली बादली दिसली तर मावशी आधी मलाच बोलावून दाखवतात. सफाईच्या खोल्यांतील रबरी नळ्या काढून टाकल्या आहेत.

बाकीची कामे थोडी खर्चाची होती. कूपनलिकेचे पाणी आणि योजनेचे पाणी पूर्वी एकाच नळात, मध्ये फक्त एक व्हॉल्व्ह ठेवून जोडलेले होते. कोणी केव्हा जोडले याची नोंद नाही. टंचाईच्या एखाद्या वर्षी सोय म्हणून केले असणार. आता दोन्ही पाणी हौदात वेगवेगळ्या तोंडांतून, वरून पडते. शौचालयांसाठी गच्चीवर निराळी टाकी बसवली आहे, कारण कमोडशेजारचा जेट फवारा वापरून झाल्यावर नातेवाईक तो कुठे टाकतात हे सांगण्याची गरज नाही. ऑटोक्लेव्ह आणि पंप यांच्या जोडणीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवले आहेत. मात्र या व्हॉल्व्हवर विसंबून झोपता येत नाही. रबराखाली वाळूचा कण अडकला की तो अर्धवट उघडा राहतो आणि बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून दर सहा महिन्यांनी उघडून तपासण्याची तारीख लेखापरीक्षणाच्या तारखेशेजारीच लिहून ठेवली आहे.

या कामाचा बहुतांश भार एका देणगीदारांनी उचलला. त्यांचा स्वतःचा मानस प्रतीक्षालयासाठी खुर्च्या देण्याचा होता. भिंतीतल्या नळावर नावाची पाटी लावता येणार नाही, असे मी त्यांना संकोचाने सांगितले, त्यावर ते केवळ हसले. त्यांच्या इच्छेनुसार नाव येथेही छापलेले नाही.

नातेवाईकांना दोन गोष्टींची विनंती आहे. नळाला नळी लावून ती बादलीत बुडवू नये. तसेच पाण्याचा रंग, वास किंवा चव बदललेली वाटल्यास पाणी ओतून न देता भांड्यासह कार्यालयात आणावे. त्या आजींनी नेमके तेच केले, म्हणून आम्हांला दोष सापडला. प्रसूती कक्ष, बाह्यरुग्ण विभाग आणि स्वयंपाकघर येथील नळांची ओटी चाचणी आता रोज सकाळी होते आणि तिची वही केसपेपरच्या खिडकीत दोरीने बांधलेली आहे. ती कोणीही पाहू शकतो.

दोन कामे उरली आहेत. जुन्या इमारतीच्या नळांचा नकाशा आपल्याकडे नाही. प्रयोगशाळा आणि क्ष-किरण विभाग यांच्यामागील भिंतीत दोन नळ कोठून येतात व कोठे जातात हे एकेक व्हॉल्व्ह बंद करून पाहावे लागेल. दिवाळीत खाटा सर्वांत कमी भरलेल्या असतात तेव्हा हे करण्याचे योजिले आहे. तोपर्यंत त्या भागातील तोटीवर पिण्यास मनाई असल्याचा फलक आणि चित्र लावले आहे. दुसरे काम डायलिसिसच्या प्रस्तावाचे. त्याच्या अंदाजपत्रकात मी यंत्रांच्या रकान्याच्या वर एक रकाना वाढवला आहे: स्वतंत्र टाकी, स्वतंत्र वाहिनी आणि तिला इमारतीतील अन्य कोणतीही जोडणी नाही. यामुळे यंत्रांची संख्या चारऐवजी तीनवर येते. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय निर्णयासाठी ठेवला आहे.

आपला नम्र,
प्रशासकीय अधिकारी